कोटींचा गोळा आणि आषाढातला ओलावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'आसगोलीच्या किनाऱ्यावर कोट्यवधींची व्हेलची उलटी' ही आपल्या अंकातली चौकट वाचली. तो गोळा ज्याला सापडला तो माझा जुना विद्यार्थी. मासेमारी बंद, म्हणून शाकारलेल्या होडीवरची झावळं सारखी करायला गेला आणि दोन किलोचा करडा, मेणचट गोळा घेऊन आला. बातमी आली त्या संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन म्हणाला, "सर, कोटी नकोत, यातून सोडवा." खरंच होतं त्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे अंबरग्रीस, म्हणजे लोक जिला व्हेलची उलटी म्हणतात ते, नुसतं बाळगणंही गुन्हा.

गोळा वनखात्याकडे दिला आणि त्यांना विचारूनच चिमूटभर नमुना कॉलेजात नेला. गरम सुईने वितळलं म्हणजे तेच, असं गावाने आधीच ठरवलं होतं. सुईने मेणबत्तीही वितळते.

नमुन्यातून अवरक्त किरण सोडले की रेणूतले बंध ज्या ज्या आकड्यापाशी ते शोषतात, तिथे आलेखात दरी पडते. या आलेखात, म्हणजे अवरक्त वर्णपटात, ३४०० पाशी रुंद दरी दिसली. तिथले तरुण प्राध्यापक खूश! अंबरग्रीसमधला मुख्य पदार्थ अँब्रीन, त्याचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) तिथेच दिसतो. मी मात्र १६४० चा खळगा बघत होतो. तो पाण्याचा असतो. अँब्रीनचा दुहेरी बंधही त्याच भागात किंचित दिसतो म्हणा, पण मग ८९० पाशीही खूण हवी, ती नव्हती. आमच्याकडे आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे नमुना ज्यात मिसळून गोळी दाबतात ती पोटॅशियम ब्रोमाइडची पूड कोरडी कशी राहील? पूड रात्रभर ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा गोळी दाबली. ३४०० आणि १६४० च्या दोन्ही दऱ्या गायब, म्हणजे तो ओलावाच होता.

उरल्या त्या २९१८, २८४९, १४६५ च्या आसपासची जोडी आणि ७३०-७२० ची जोडी. १७४० ला रेघ सपाट, म्हणजे मधमाशीच्या मेणात आणि तेला-चरबीत असतं ते एस्टर हे संयुग नाही. म्हणून मधमाशीचं मेण नाही, पामतेलाची चरबीही नाही. ही ७३०-७२० ची जोडी लांब, सरळ कार्बनसाखळ्या स्फटिकात नीट रचून बसल्या की दिसते. अँब्रीनच्या रेणूत मात्र कार्बनची वलयं असतात. हे निव्वळ पॅराफिन, मेणबत्तीचं मेण. जहाजांच्या टाक्या धुतल्या की असं मेण समुद्रात येतं.

चौकट पहिल्या पानावर होती, हा निकाल निदान आतल्या पानावर छापावा. ('उलटी' हा शब्दही चुकीचाच, अंबरग्रीस व्हेलच्या आतड्यात तयार होतं.) पोराच्या दारात अजून माणसं येतात आणि विचारतात, बाकीचा गोळा कुठे पुरलास?

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
गुहागर