या महिन्यात पैसे कमी येतील

पिरेयस, ग्रीस, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "युरोपात राहून कसली गं तंगी?" ऑफिसात होते म्हणून विषय टाळला. आज लिहिते.

आमच्या मालकीणबाईंनी भाडं ऐंशी युरोंनी वाढवलं. सांगायला आल्या त्या पालक भरलेली खारी पेस्ट्री घेऊन, आणि मान खाली घालून. त्यांना तरी काय बोलणार? ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा सरकारने खर्च कापला; २०१३पासून नाताळ, ईस्टर आणि उन्हाळ्याची जादा पेन्शन बंद झाली, नेहमीचीही कापली गेली. २०१५च्या उन्हाळ्यात तीन आठवडे बँकांना कुलूप होतं, एटीएममधून दिवसाला साठच युरो मिळायचे. बाई तेव्हा रोज रांगेत. अजूनही पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी काढून आणतात आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवतात. आई, तुझा तांदळाचा डबाच! नोटबंदीत बाबा रांगेत उभे होते हे सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे आमच्यानंतर एका वर्षाने."

देशाला सावरायला बाहेरून मिळणाऱ्या कर्जाचा शेवटचा कार्यक्रम २०१८च्या ऑगस्टमध्ये संपला. पण २०१२ साली किमान पगार एका फटक्यात ७५१वरून ५८६ युरोंवर आणला होता, तो यंदा एप्रिलमध्ये कुठे ८८० झाला, तोही कर-विमा कापायच्या आधीचा. भाडी मात्र केव्हाच पुढे पळाली. माझं त्यातल्या त्यात बरं, जहाजांच्या धंद्यात पगार वेळेवर होतो. शेजारच्या टेबलावरचा मुलगा शिकून आर्किटेक्ट झालाय. तेव्हा बांधकामंच थांबली होती, म्हणून आमच्याकडे बिलं तपासायला लागला, तो तिथेच राहिला. बाईंचा मुलगा जर्मनीला गेला. दर रविवारी त्याचा फोन येतो, तेव्हा त्या टीव्ही बंद करून बसतात.

हिवाळा तोंडावर आलाय. २०१२ला हीटरच्या तेलावरचा कर वाढला तेव्हा लोकांनी जुनं फर्निचरसुद्धा जाळलं, अथेन्सवर धूर साचायचा. आमच्या इमारतीत हीटर कधी लावायचा यावरून अजून भांडणं होतात. मी आपली स्वेटर घालून स्वयंपाक करते.

तर यावेळी आठ हजार कमी येतील. जिन्याच्या कठड्याचं काम मात्र थांबवू नका. बाबा, गुडघ्याचं दुखणं लपवू नका.

आई, मोजे विणते आहेस ना? दोन जोड विण. बाईंचा पाय माझ्यापेक्षा लहान आहे.

तुमची,
मनू