घरातली रेंज भिंतीत आणि काचेत अडकते

महोदय,

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या भागांतील नव्या इमारतींत ‘गच्चीवर रेंज आहे, घरात नाही’ ही तक्रार नेहमीची झाली असून तिचा दोष सरसकट मोबाइल कंपनीला दिला जातो. दूरसंचार क्षेत्रात अनेक वर्षे काम केल्यामुळे मला खात्रीने सांगावेसे वाटते, की पुष्कळदा लहरी दारापर्यंत आलेल्या असतात आणि आपण निवडलेली भिंत किंवा काच त्यांना अडवते.

फाइव्ह-जीच्या ३.५ गीगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींची साधारण निम्मी शक्ती साध्या काचेतून आत येते. परंतु ऊन रोखण्यासाठी धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेली काच असेल, तर दूरसंचार मानकांतील सूत्राप्रमाणे मूळ शक्तीचा दोनशेवा हिस्साही आत पोहोचत नाही. आमच्या इमारतीत अशा काचा बसल्यापासून शेजारच्या आजींना डॉक्टरांशी बोलण्यासाठी जिन्यात येऊन उभे राहावे लागते, हे पाहवत नाही.

२०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात विकल्या गेलेल्या २६ गीगाहर्ट्झच्या लहरींची तरंगलांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर आहे. काँक्रीटची भिंत त्यांना जवळजवळ अभेद्यच असल्यामुळे त्या खोलीत फिरतात त्या मुख्यतः परावर्तनाने, आणि तिथे पृष्ठभागाचा पोतही महत्त्वाचा ठरतो. पीओपीची गुळगुळीत भिंत आणि चकचकीत फरशी लहर आरशासारखी परतवतात. पण लहर इतकी आखूड असल्यामुळे वाळूच्या गिलाव्यावर दीड-दोन मिलिमीटरचे उंचवटे असले तरी ती विखुरते. विखुरणे सर्वस्वी वाईट नाही, कारण त्यातील काही भाग आडकोपऱ्यातही पोहोचतो, मात्र तो क्षीण असतो. लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा तर पलीकडे दाट सावलीच पाडतो.

म्हणून खोलीतच वाय-फायचे उपकरण जोडता यावे यासाठी गिलाव्यापूर्वीच प्रत्येक खोलीपर्यंत नेटवर्क केबलसाठी नळी टाकून ठेवावी, अशी बांधकाम व्यावसायिकांना कळकळीची विनंती आहे. भिंत फोडून केबल नेण्यापेक्षा हे किती तरी स्वस्त पडते. इमारतींच्या डिजिटल जोडणीला मानांकन देण्याचे नियम ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ मध्ये केले आहेत. हे मानांकन ऐच्छिक असले, तरी घर घेणाऱ्यांनी चटई क्षेत्राइतक्याच आग्रहाने त्याची चौकशी करावी आणि आपल्या दैनिकानेही वास्तूविषयक पुरवणीत या विषयाला जागा द्यावी.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता,
इंदिरानगर, नाशिक