उड्या बंद करू नका, पकड बसवा

महोदय,

३१ वर्षे शाळेत कबड्डी शिकवली. आता निवृत्तीनंतर दर रविवारी विश्रामबागेतल्या घरी नात आणि तिच्या मैत्रिणींसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ चालवतो. १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेला हा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

मे महिन्यात नात दुसरीकडे खेळायला गेली आणि रडत परत आली. तिचं पात्र ‘मंक’, म्हणजे हातापायांनी लढणारा भिक्षू, पाचव्या पातळीचं. धावत यायचं, दोन ठोसे मारायचे, कोलांटी घेऊन निसटायचं. खेळ चालवणाऱ्या दादाचा राक्षस तिला शिवूही शकेना. तेव्हा त्याने ऐन लढाईत जाहीर केलं, ‘तुझ्या उड्या आजपासून बंद.’ मला हे फार लागलं. नियम बदलायचाच तर पहिला फासा पडण्याआधी सांगावा, चढाई सुरू असताना मैदानाच्या रेषा कोणी हलवतं का?

आणि बंदीची गरजच नव्हती. या खेळाच्या २०१४ च्या नियमांत शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडताना फुकटचा एक वार बसतो. मंक ‘की’ नावाची शक्ती एकदा खर्चून तो चुकवतो, त्याच या उड्या. पाचव्या पातळीला ही शक्ती पाचदाच मिळते, ती भरून यायला तासाची विश्रांती लागते. लागोपाठ दोन लढाया लावा, मध्ये बसू देऊ नका, उड्या आपोआप आटतात.

कबड्डीत चढाईपटूच्या मागे आम्ही धावत नाही, त्याची परतीची वाट अडवतो. इथेही राक्षसाने आपल्या पाळीत सांगून ठेवावं, ती हाताच्या अंतरात आली की धरणार. पकड बसली की वेग शून्य. मात्र चपळाईचा आकडा १८ असलेल्या कसलेल्या मंकला ओगर नावाच्या राक्षसासारखा धिप्पाड गडीही तीनदा झडप घालून जेमतेम एकदाच धरतो. मी कागदावर मांडून पाहिलंय. जोडीदाराने मदत केली तर धरणारा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेतो. ही आमची साखळीच!

गेल्या रविवारी लढाई कृष्णेच्या घाटावर लावली, पूर नुकताच ओसरलेला. आलेखाच्या वहीत तपकिरी खडूने गाळ रंगवला. एक घर पाच फुटांचं. नातीचा मंक एका पाळीत ८ घरं जातो, गाळात ४ च. तिने वहीवर वाकून बराच वेळ बोट फिरवलं आणि पायऱ्यांच्या कडेची कोरडी घरं शोधून काढली. दोन पाळ्या ती त्यावरूनच निसटली. तिसरीत माझ्या दोन ओगरांनी मिळून तिला धरलं. फासा मुठीत आवळून ती म्हणाली, ‘आजोबा, सुटायला किती पडायला हवेत?’

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
विश्रामबाग, सांगली