तात्या जेवत नाहीये

धायरी, पुणे
कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस

प्रिय दिगू,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर हे बोलणं जमणार नाही म्हणून लिहितोय. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला हसायला लागतोस, मग मीही हसतो आणि विषय राहतो. गणपतीत येतो म्हणालो आणि आलो नाही, त्याच्या शिव्या राखून ठेव, समोर आल्यावर खाईन. माझी शुगर आहे तिथे आहे, सुनंदाची पाठ आहे तशी आहे, आई ठणठणीत. काल निर्जळी एकादशी तिने केली, आज सकाळी गड चढून आल्यासारखा मीच थकलोय आणि ती अंगणात तुळशीला पाणी घालतेय.

तात्या जेवत नाहीये.

आमचा तात्या. हे नाव तुला लिहिताना अजून पेन अडखळतं, कारण कुत्र्याला तुझ्या वडिलांचं नाव दिलं म्हणून तू किती दिवस अबोला धरला होतास ते मी विसरलेलो नाही. तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो, नाव आमच्या पोरीने, सईने ठेवलं. आणि ताट समोर आलं की आधी वास, मग मान वर, मग वाढणाऱ्याकडे ‘हे काय केलंय’ अशी नजर, हे ज्याने तुमच्या माजघरात पाहिलंय त्याला दुसरं नाव सुचलंच नसतं. तुझ्या आईने, माईंनी तर तेव्हाच हसून मान्य केलं होतं. तूच एकटा रुसलास.

तर किडन्या गेल्यात त्याच्या. म्हातारपणीचा आजार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि कुत्र्यांमध्ये हा लबाड असतो. तीन-चतुर्थांश काम बंद पडतं तेव्हा कुठे रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं, तोवर कुत्रं शेपटी हलवत फिरत असतं. पाणी जास्त पितोय एवढंच मला वाटत होतं. आता एक दिवसाआड मी त्याला कातडीखाली सलाईन देतो. मानेजवळची कातडी चिमटीत धरायची, सुई आडवी घालायची, बाटली पंख्याच्या हुकाला. तू हे वाचून डोळे मिटले असशील, बारावीत बेडूक कापताना कोण घेरी येऊन पडलं होतं ते अख्ख्या बॅचला ठाऊक आहे.

आणि आमची कुत्री शाकाहारी, तेव्हा मला माहीत आहे तू पहिलं काय म्हणणार. ‘वाघाक पालो घालतंस, मग दुसरां काय होतला?’ नाही दिगू. मी पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. त्या म्हणाल्या की मांसावर वाढलेली म्हातारी कुत्रीही त्यांच्याकडे याच आजाराने रोज येतात. उलट किडनीला जड जातं ते फॉस्फरस, आणि ते मांसात आणि हाडांत भरपूर. डाळीत-सोयाबीनमध्येही असतं, पण त्यातलं बरंचसं अशा रूपात असतं की पोटात पूर्ण शोषलं जात नाही. तेव्हा सोयाबीनच्या वड्यांवर आळ घेऊ नकोस.

सई लीड्सला गेली तेव्हा तिची तीन कुत्री आणि प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाण्याचं तिचं तत्त्वज्ञान, दोन्ही माझ्याकडे ठेवून गेली. कुत्री ठेवून घेणं भागच होतं. तत्त्वज्ञान मात्र मी हौसेने ठेवून घेतलं, हे सुनंदाचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पोरीने स्वतः दूध सोडलं होतं, मी चहासुद्धा सोडला. काळ्या चहाला चहा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण कुत्र्यांच्या जेवणाबाबत मी कधी ढिलाई केली नाही, हे तू एकदा तरी कबूल कर. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं की नुसता डाळभात घालाल तर तो शाकाहार नव्हे, उपासमार. म्हणून मसूर, टोफू, सोयाबीनच्या वड्या, नाचणी, लाल भोपळा, वरून जवसाचं तेल, आणि त्यांनी लिहून दिलेली भुकटी, ज्यात कॅल्शियम, बी-१२, डी जीवनसत्त्व, आयोडीन, हृदयाला लागणारं टॉरिन सगळं मोजून. कांदा-लसूण बंद, कारण त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका तर घरात आणायच्याच नाहीत. वर्षातून दोनदा रक्त-लघवीची तपासणी. शाकाहारी खाण्याने लघवी अल्कधर्मी होते, खडे होण्याची भीती असते, म्हणून तीही बघायची. माझ्या स्वतःच्या लघवीकडे मी एवढं लक्ष दिलं नाही, हे सुनंदा आल्यागेल्याला सांगते.

सईने २०१८ मध्ये कुठून तरी वाचलं की अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने वाटाणा-मसूर जास्त असलेल्या खाद्यांबद्दल इशारा दिलाय, कुत्र्यांची हृदयं मोठी होतायत. आम्ही तिघांनाही रिक्षात घालून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला नेलं. रिक्षावाला ‘कुत्र्यांना काय झालं’ म्हणून विचारतो तर सुनंदा म्हणाली, ‘त्यांना काही नाही, यांना झालंय.’ हृदयं व्यवस्थित निघाली. पुढे त्या इशाऱ्यातूनही ठाम असं काही सिद्ध झालं नाही, पण टॉरिन मी तेव्हापासून कधी चुकवलं नाही.

तुझ्या वाघाचंही सांगतो, कारण वेंगुर्ल्याच्या बंदरावर चार लोकांसमोर तू मला गप्प केलं होतंस आणि तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. मला उत्तरं नेहमी कणकवली मागे पडल्यावर सुचतात. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगे आणि कुत्रे यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाने शेती केली आणि हा त्याच्या उकिरड्यावर भाकरी पचवायला शिकला. मांजराचं तसं नाही, त्याला मांस लागतंच, म्हणून तर सईने आणलेलं ते पिवळं पिल्लू मी दुसऱ्या घरी दिलं. त्या वेळी पोरगी रडली होती.

हां, आता तू म्हणशील तुमच्या वाडीतला कुत्रा भाकरीवर जगायचा तो पाच-सहा वर्षांत मरायचा आणि मधेमधे उंदीर-घुशी मारायचा. बरोबर आहे. आणि शाकाहारी कुत्री निरोगी असतात म्हणून २०२२ मध्ये जो मोठा अभ्यास आला, अडीच हजारांवर कुत्र्यांचा, तो मालकांना विचारून केलेला. आपल्या पोराबद्दल आईला विचारून काढलेला निष्कर्ष तो. मी आंधळा नाही रे. पण तात्या माझ्यासमोर होता. खरजेने सोललेला, गोचिडाच्या तापाने फणफणलेला, नवले पुलाखालून उचलून आणलेला, आणि त्याच मसूर-भोपळ्यावर त्याचं असं तांबूस, तेल लावल्यासारखं अंग झालं की सकाळी फिरायला येणारे ‘ब्रीड कोणतं’ म्हणून विचारायचे. मी सांगायचो, कोकणस्थ.

असो. मूळ गोष्ट पुढेच आहे.

गेल्या आठवड्यात त्याने पूर्ण तोंड मिटलं. मसूर नाही, टोफू नाही, भोपळा चाटून सोडला. रक्तात युरिया चढला की मळमळतं, त्याचं औषध चालू आहे, तरी नाही. संध्याकाळी फाटकाशी नेलं तर हिसका मारून वॉचमनच्या खोलीकडे. त्याची बायको सावंतवाडीकडची, तिने सुकटीचं कालवण आणि भात केला होता आणि पातेलं खरवडून कोपऱ्यात ठेवलं होतं. दिगू, तो जेवला. कसा जेवला म्हणून सांगू. मागचे पाय थरथरतायत आणि पातेलं ढकलत ढकलत भिंतीपर्यंत. मीठ त्याला विष आहे, सुकटीत मिठाशिवाय काय असतं, कांदाही असणारच, मला सगळं समजत होतं आणि दोरी माझ्या हातात होती. मी ती ओढली नाही. ती बाई म्हणाली, ‘खाऊं दे ओ, म्हातारो झालो.’ आणि मला एकदम हॉस्टेलचा तू आठवलास, मेसमध्ये महिनाभर वांग्याची भाजी गिळून झाल्यावर माईंनी एस.टी.ने पाठवलेला बांगड्याचा डबा कॉटखाली बसून खाणारा. मी तेव्हा वास आला म्हणून खोली सोडून गेलो होतो. त्यावरून आपण भांडलो, ते भांडण तर लग्नापर्यंत पुरलं.

म्हणून हे दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही. सईला सांगितलेलं नाही अजून.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, सुकट परत नको, पण आता योग्य अन्न कोणतं यापेक्षा पोटात जातं कोणतं हे बघायचं. कोंबडीचं मांस उकळून, ते पाणी फेकून थोडं भाताबरोबर द्या, उकळल्याने फॉस्फरस उतरतं. किंवा अंड्याचं पांढरं, त्यात फॉस्फरस अगदी थोडं आणि प्रथिन उत्तम. पिवळं द्यायचं नाही.

घरी येऊन आईपाशी बसलो. मला वाटलं ती माळकरी बाई, तिच्या स्वयंपाकघरात कोंबडी म्हटल्यावर ती पंढरपूरला निघून जाईल. तर म्हणते, ‘अरे, माळ माझ्या गळ्यात आहे. त्याच्या गळ्यात पट्टा आहे.’ मग नामदेवांची गोष्ट ऐकवली, कुत्र्याने पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस देवा म्हणून. ‘धावला तो वाढायला धावला, काढून घ्यायला नाही.’ मी म्हणालो, आई, पण तूपही आपल्यात बंद आहे. ती म्हणाली, ‘तुझ्यात बंद आहे,’ आणि आपली बरणी फळीवर आणखी मागे सरकवली. अट एकच, तिची भांडी वापरायची नाहीत आणि मागच्या पडवीत वेगळी शेगडी.

म्हणजे घरातून परवानगी मिळाली. आता अडलोय तो मीच. तुला वाटेल तत्त्व मोडतंय म्हणून कासावीस झालाय, सईला काय तोंड दाखवू म्हणून. ते थोडं आहे. पण खरं अडतंय ते कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानाशी. तिथून आम्ही रोज जातो. पिंजऱ्यात त्या एकमेकींच्या अंगावर बसलेल्या असतात, पांढऱ्या, पोटाची पिसं झडलेल्या, आणि तात्याही तिथे थांबून त्यांच्याकडे बघतो. त्यातली एक बोट करून मागायची. का, तर माझ्या कुत्र्याला महिना-दोन महिने जास्त मिळावेत. तिला नाव नाही म्हणून? नवले पुलाखाली यालाही नाव नव्हतं. हे मी सुनंदाला बोललो तर ती म्हणाली, मग उपाशी ठेवा आणि दोघांना न्याय द्या. ती चिडली की फार नेमकं बोलते. रात्री उठून मी पाहतो तर ती तात्याजवळ बसून बोटाने नाचणीची पेज त्याच्या टाळूला लावत होती.

बाकीची दोघं मजेत. चिंगी तीन पायांवर गच्चीचा जिना चढते, पिठ्याला तात्याच्या वाट्याचंही मिळतंय म्हणून तो गोल झालाय. सोसायटीत ऑगस्ट २०२५ मध्ये ते दिल्लीचं प्रकरण झाल्यापासून सगळे न्यायमूर्ती झालेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला भटकी कुत्री उचलायला सांगितली तेव्हा पेढे वाटायचे बाकी होते. २२ तारखेला सुधारित आदेश आला, नसबंदी आणि लस करून पिसाळलेली-आक्रमक वगळून बाकीची परत सोडा, तो मात्र कोणी फॉरवर्ड केला नाही. आमच्या तिघांची लसपत्रं मी लिफ्टमध्ये लावून टाकली. सेक्रेटरी लिफ्टने जात नाही आता.

तुझ्या गुडघ्याचं वहिनींनी सांगितलं. कर बाबा ऑपरेशन, बंदरावर काठी घेऊन फिरलास म्हणून कुणी तुला खलाशी म्हणणार नाही. निखिलच्या साखरपुड्याला येतो, तारीख कळव. आंब्याला मोहोर कधी धरेल ते तूच जाण, पेटी मागत नाही, गेल्या वर्षीची अजून फेडायची आहे.

मागतोय ते वेगळं. तुझ्या परड्यातल्या त्या गावठी कोंबड्या, माडाखाली उकरत हिंडणाऱ्या, अंडी घालतायत का अजून? पुण्यात अंडी मिळत नाहीत असं नाही, पण ती त्या पिंजऱ्यांतलीच, आणि त्या धंद्यात नर पिल्लांचं काय करतात ते सईने मला एकदा दाखवलंय. तुझ्या कोंबड्या तू कापतोस हे मला माहीत आहे, मी येतो त्या दिवशीच नेमकी कापतोस हेही. तरी मधल्या काळात त्या उन्हात तरी असतात. तेवढ्यावर मी स्वतःला समजावू शकतो. सगळं समजावता येत नाही, पण पांढऱ्याएवढं येतं.

तेव्हा डझन-दीड डझन पाठव. तांदळाच्या कोंड्यात नीट घालून, सावंतवाडीहून रात्री सुटणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दे, मी पहाटे नवले पुलावर उतरवून घेतो. पैसे नको म्हणू नकोस. आणि ती काळी, मानेवर पिसं नसलेली, जी मला चोचायला आली होती, ती अजून असेल तर एवढे दोन महिने तिला हात लावू नकोस. निखिलच्या साखरपुड्याला पापलेट कर सगळ्यांना.

पिवळं काय करू तेही सांग. आई खाणार नाही, सुनंदा शिवणार नाही, पिठ्याला दिलं तर तो फुटेल.

तुझा,
विन्या