आधी केस काढले, मग ट्यूब विकली : ग्रूमिंग सेवेविरुद्ध तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(पाळीव प्राण्यांची घरपोच ग्रूमिंग सेवा)

विषय : ‘समर कट’नंतर कुत्रीची त्वचा उन्हाने भाजल्याबाबत व सोबत विकलेल्या सनस्क्रीनबाबत

महोदय,

नवतपा तोंडावर असताना तुमची व्हॅन नागपुरात आमच्या दारी आली. बर्फी ही आमची पांढरी इंडियन स्पिट्झ. गल्लीत तिला सगळे पॉमेरेनियनच म्हणतात, तुमच्या बिलावरही तेच छापले आहे. मी बुकिंग केले होते ते आंघोळ आणि विंचरण्याचे. ‘उन्हाळ्यात समर कटच करतात, तिला गार वाटेल,’ असे सांगून तुमच्या माणसाने गुलाबी कातडी दिसेपर्यंत मशीन फिरवले. नंतर ‘आता ऊन लागेल’ म्हणून सनस्क्रीनची ट्यूबही बिलात चढवली. निसर्गाने दिलेले आवरण काढण्याचे पैसे वेगळे आणि त्याच्या जागी लावायच्या मलमाचे वेगळे!

थोड्याच दिवसांत तिची पाठ लालभडक झाली, कानांच्या कडांना खपल्या धरल्या. हात लावला की कळवळायची. ही अॅलर्जी नाही, उन्हाने भाजले आहे, असे पशुवैद्यांनी सांगितले. आता गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर, दोन वेळा औषध आणि दिवसभर कूलरसमोर मुक्काम.

तुमच्या ग्राहक सेवेचे फोनवरचे उत्तर होते : ‘तुम्ही उन्हात नेले असेल.’ ती सकाळीच फिरते आणि नंतर गॅलरीत लोळते. आधीच्या उन्हाळ्यांतही हेच करत होती, तेव्हा काही झाले नाही, कारण अंगावर केस होते. शिवाय कातडी जाळतात ते अतिनील किरण. हवा अजून तापलेली नसली तरी ते असतातच.

या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर लांब, राठ केस आणि आत दाट लव. ते उन्हाची झळ कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याचे शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होते, त्यामुळे केस भादरून फारसा गारवा मिळत नाही. उन्हाळ्यात गळणारी लव विंचरून काढायची, एवढेच काम असते, आणि मी तेच मागितले होते. स्पिट्झसारख्या कुत्र्यांचे मुळापासून कापलेले केस कधी कधी वर्षभरही नीट परत येत नाहीत. हे बुकिंगच्या वेळी अॅपमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते.

ट्यूबचा प्रकार तर याहून गंभीर आहे. वर तुमच्या नावाचे ‘कुत्र्यांसाठी सुरक्षित’ असे स्टिकर. ते सोलले तर खाली माणसांच्या सनस्क्रीनचे लेबल निघाले! घटकांत झिंक ऑक्साइड आणि ऑक्टिसॅलेट. कुत्रा अंगाला लावलेले चाटणारच. झिंक वारंवार पोटात गेले तर तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होऊ शकतो. ऑक्टिसॅलेट हे सॅलिसिलेट, म्हणजे अॅस्पिरिनच्या कुळातले. पशुवैद्यांनी ट्यूब पाहताच बंद करायला लावली.

व्हॅनवरच्या मुलावर माझा राग नाही. त्याने बर्फीला मायेने हाताळले. त्याला जे शिकवले तेच तो बोलला. त्याचा पगार कापून हे प्रकरण मिटवू नये.

ग्रूमिंगचे व ट्यूबचे पूर्ण पैसे आणि उपचारांचा खर्च परत करावा. दुहेरी केसांच्या जातींसाठी समर कट अॅपमधून काढावा. त्वचेच्या आजारात पशुवैद्यांनीच सांगितले तर गोष्ट वेगळी. स्टिकर लावलेल्या ट्यूबची विक्री आजच थांबवावी आणि ज्यांनी ती घेतली त्या प्रत्येक ग्राहकाला कळवावे. माझ्या पैशांपेक्षा ही शेवटची मागणी तातडीची आहे.

15 दिवसांत लेखी उत्तर हवे, फोन नको. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

बिल, पशुवैद्यांची चिठ्ठी, पाठीचे फोटो आणि अर्धे स्टिकर सोललेल्या ट्यूबचा फोटो जोडला आहे. मूळ ट्यूब माझ्याकडेच राहील.

आपली ग्राहक,
(सही)
नागपूर