बाळंतिणीच्या डब्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सव्वा महिन्याच्या बाळंतीण-डबा योजनेतील त्रुटी दूर करणे अथवा उरलेल्या दिवसांचे पैसे परत करणे

महोदय,

४० दिवसांच्या, २ वेळच्या डब्याचे पूर्ण पैसे आम्ही आगाऊ भरले आहेत. आज १२ दिवस झाले. तुमच्या पत्रकातला प्रत्येक पदार्थ डब्यात येतो, त्याबद्दल वाद नाही. तक्रार आहे ती करण्याच्या पद्धतीबद्दल. ज्या कृतीमुळे तो पदार्थ बाळंतिणीला सोसतो, नेमकी तीच तुमच्या स्वयंपाकघरात गाळली जाते.

डिंकाचे लाडू घ्या. आत डिंकाचे कच्चे खडे निघतात आणि दातांना चिकटतात. डिंकाचा खडा मोठा असला किंवा तूप पुरते तापलेले नसले, की तो बाहेरून फुगतो आणि आत घट्ट राहतो. खडे हरभऱ्याएवढे फोडून, थोडे थोडे करून, मध्यम आचेवर तळावे लागतात. तळलेला खडा बोटांत सहज चुरला पाहिजे. एकाच वेळी कढईभर डिंक टाकला की तुपाचा ताव उतरतो. तुमच्याकडे हेच होत असावे. मेथीचे लाडू तर इतके कडू आहेत की अर्धासुद्धा संपत नाही. मेथीचे पीठ किमान ४-५ दिवस तुपात मुरवले की कडूपणा पुष्कळ कमी होतो. ऐनवेळी पीठ मिसळून वर गूळ वाढवला तर लाडू गोड आणि कडू दोन्ही लागतो.

अळिवाची खीर दोनदा फाटलेली आली. गूळ उकळत्या दुधात घातला की असे होते. भांडे उतरवून, खीर कोमट झाल्यावर गूळ घालायचा, हे बाळंतिणीचा स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. एकदा तर अळीव न भिजवताच शिजवलेले होते. ते आधी तास-दोन तास भिजून बुळबुळीत व्हायला हवेत.

बाजरीची भाकरी खवट लागते. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने तिचे पीठ लवकर बिघडते. ८ दिवसांत संपेल एवढेच दळावे. शिवाय गरम भाकरी थेट झाकणाखाली ठेवल्याने तिला घाम सुटतो आणि ती चिवट होते. फडक्यात गुंडाळून द्या, तूप लावून द्या.

सर्वांत गंभीर बाब भाताची. दुपारचा डबा ११:३० ला येणे ठरले होते. १२ पैकी ५ दिवस तो १ नंतर आला, आणि भात कोमट होता. शिजलेला भात असा कोमट राहिला की त्यात तग धरून राहिलेले जंतू वाढतात. त्यांतले काही जे विष सोडतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. भात वाहतुकीतही ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे. साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात ते शक्य नाही, उष्णतारोधक डबाच हवा.

प्रमाणाचेही बोलायला हवे. पहिल्या ६ महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीत आहे. लहान वाटीभर पाणीदार मुगाच्या वरणाने ही गरज कशी भागेल? वरण दाट हवे आणि दोन वाट्या हवे. ओवा, जिरे, हिंग, लसूण यांची फोडणी पुरे. ९ व्या दिवशी आलेल्या झणझणीत हरभऱ्याच्या उसळीची गरज नव्हती.

आणखी एक. नोंदणी करताना प्रसूती साधी की शस्त्रक्रियेने, गरोदरपणात साखर वाढली होती का, हे विचारले जात नाही. सर्वांना सारखेच गुळाचे लाडू जातात. साखर वाढलेल्या बाईला ते डॉक्टरांना विचारूनच द्यायला हवेत. हा प्रश्न अर्जातच घाला.

आमच्या मागण्या अशा : उद्यापासून दुपारचा डबा वेळेत आणि गरम मिळावा, खराब निघालेले लाडू बदलून द्यावेत, पीठ दळल्याची आणि लाडू केल्याची तारीख पाकिटावर छापावी. ७ दिवसांत सुधारणा होणार नसेल तर उरलेल्या २८ दिवसांची रक्कम परत करावी. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू. फाटलेल्या खिरीची आणि डबा पोचल्याच्या वेळांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपले,
सव्वा महिन्याच्या योजनेचे ग्राहक