ब विंगच्या मुख्य दरवाजाचे बाहेरचे हँडल बदलण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, इंदिरानगर, नाशिक

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ब विंगच्या तळमजल्यावरच्या दरवाजाचे बाहेरचे हँडल मानेपाशी तुटले आहे, हे आपल्या कानावर आलेच असेल. आता बाहेरून फक्त चौकोनी स्पिंडलचे, म्हणजे हँडलने फिरणाऱ्या आतल्या दांडीचे, टोक दिसते. ते फिरवायला कोणीतरी मीटर बॉक्सवर पक्कड आणून ठेवली आहे. येणारा हातातली पिशवी खाली ठेवतो, पक्कड लावतो, ती निसटते, पुन्हा लावतो. तरण्या माणसाचे एक वेळ भागते, पण पहिल्या मजल्यावरच्या आजींची बोटे संधिवाताने वाकली आहेत. परवा देवळातून आल्यावर कोणी आतून येईपर्यंत त्या पायरीवर बसून होत्या. मला ते बघवले नाही, म्हणून हे पत्र.

रोजच्या कटकटीला कंटाळून लोकांनी दाराला वीट लावायला सुरुवात केली आहे. दार सताड उघडे, कुत्री थेट जिन्यात, आणि दार आपोआप बंद करणाऱ्या क्लोजरवर दिवसभर ताण. आज हँडल गेले, उद्या क्लोजर जाईल.

गेल्या सभेत पूर्ण दरवाजा बदलून बोटाच्या ठशाचे लॉक बसवायचा विषय निघाला होता. माझी कळकळीची विनंती आहे की, तो खर्च आत्ता करू नये. मी स्वतः पक्कडने स्पिंडल फिरवून पाहिला. लॉकची जीभ पूर्ण आत जाते आणि सोडल्यावर खटकन बाहेर येते. म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेले मॉर्टिस लॉक ठणठणीत आहे. किल्ली जिथे फिरते त्या सिलेंडरलाही काही झालेले नाही, त्यामुळे त्याला हात न लावता फक्त हँडलचा सेट बदलला तर सर्वांच्या आहेत त्याच किल्ल्या चालतील. विंगमधल्या प्रत्येक घराला, कामाच्या मावशींना, गावाला गेलेल्यांना नव्या किल्ल्या वाटत बसावे लागणार नाही.

मात्र मापे न घेता सेट आणू नये. स्पिंडल किती जाडीचा आहे (बहुतेक 8 मिमी असतो, पण मोजलेला बरा), स्पिंडलच्या मध्यापासून किल्लीच्या छिद्राच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे आणि दाराची जाडी किती, एवढे पाहिले की पुरे. मधले अंतर थोडे जरी चुकले तरी प्लेट सिलेंडरवर बसत नाही आणि मिस्त्री दाराला नवीन भोके पाडतो. सगळ्यात सोपे म्हणजे आतल्या बाजूचे जुने हँडल प्लेटसकट काढून दुकानात दाखवावे.

तुटलेला तुकडा मी जपून ठेवला आहे. वरून स्टीलसारखी चमक, पण तुटल्या जागी करडा आणि दाणेदार, म्हणजे ओतीव जस्त मिश्रधातू. आपले दार पश्चिमेला आहे. जूनपासून पावसाची झड थेट त्यावर येते, मुलामा उडतो आणि लाकडी दार फुगले की लोक हँडलला लोंबकळून ओढतात. तेव्हा या वेळी 304 ग्रेडचे स्टेनलेस स्टील घ्यावे. लाकडी स्क्रूची जुनी भोके झिजली आहेत, म्हणून दोन्ही प्लेटा आरपार बोल्टने आवळून घ्याव्यात. आणि मिस्त्री आलाच आहे तर दाराची फुगलेली कड रंधून, क्लोजरचा वेगही स्क्रूने थोडा कमी करून घ्यावा. दार आपटायचे थांबले की नवे हँडल टिकेल.

हँडल होईपर्यंत रात्री दाराला आतून कुलूप घालावे, असे काही सभासद म्हणत आहेत. कृपा करून हे होऊ देऊ नका. आपल्या विंगला जिना एकच आहे. बाहेर पडायचे दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे, असे 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते. रात्री मीटर बॉक्सला आग लागली तर अंधारात किल्ली कोण शोधणार?

खर्चाचे म्हणाल तर सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीला, हात लावायची गरज नाही. आपण सगळे दुरुस्ती व देखभाल निधी भरतो, तो अशाच कामांसाठी आहे. एका हँडलसाठी पुढच्या मासिक बैठकीची वाट पाहू नये, सचिवांना आजच मंजुरी द्यावी. पाऊस तोंडावर आहे आणि 2027 च्या सिंहस्थात घरोघरी पाहुणे येतील तेव्हा या दाराला क्षणाची उसंत मिळणार नाही.

येत्या रविवारी मी दिवसभर घरी आहे. मिस्त्रींना त्या दिवशी बोलावलेत तर मापे घेताना आणि काम होईपर्यंत मी खाली थांबेन. तोवर वॉचमनदादांना संध्याकाळी देवळातून लोक परतायच्या वेळी दाराशी बसायला सांगावे, ही विनंती.

कळावे,
आपली,
सभासद, ब विंग